फॉर्मलिन बंद करून दुसरं काय वापरायचं?

प्रश्न असा आलाय: पंढरपुरात एका तरुण डॉक्टरांनी स्वतःची छोटी हिस्टोपॅथॉलॉजी लॅब (काढलेलं टिश्यू सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची) सुरू केलीय. ग्रॉसिंगची, म्हणजे आलेले नमुने कापायची खोली दहा बाय आठ, नमुने ज्यात बुडवून टिकवतात त्या फॉर्मलिननं (फॉर्मल्डिहाइडच्या पाण्यानं) डोळे झोंबतात, घसा धरतो, आणि त्यांची एकुलती एक टेक्निशियन तीन महिन्यांची गरोदर आहे. तर फॉर्मलिन कायमचं हद्दपार करून स्पिरिट वापरावं का, की कंपनीचा माणूस सॅम्पल ठेवून गेलाय ते ग्लायॉक्झलचं सोल्यूशन, की कुठंतरी वाचलेलं मधाचं नाहीतर गुळाचं पाणी?

डॉक्टर, आधी त्या मुलीचं बघा, बाकीचं मागनं. उद्यापासून तिला ग्रॉसिंगच्या खोलीत पाठवू नका. फॉर्मलिन ओतणं, बाटल्या उघडणं, जुने डबे रिकामे करणं यातलं काहीच तिच्याकडं नको. ब्लॉक बनवणं (टिश्यू मेणात बसवणं), मायक्रोटोमवर सेक्शन, म्हणजे पातळ काप कापणं, लेबलं, रजिस्टर ही कामं द्या. स्टेनिंगला बसवू नका, तिथं झायलीन हे वाफ होणारं सॉल्व्हंट असतंय, म्हणजे आगीतून फुफाट्यात. मग डबे कोण उघडणार? तुम्ही. माझ्या वेळी मला हे कुणी सांगितलं नव्हतं, सातव्या महिन्यापर्यंत मी गर्भाशयाच्या पिशव्या कापत उभी होते आणि डोळ्यातनं पाणी येतंय ते कौतुकानं सांगत होते, म्हणून हे सगळ्यात आधी लिहिलं.

आता मूळ प्रश्न. सोलापुरात या कामात मला तेवीस वर्षं झाली, आणि तुम्ही विचारलेले तिन्ही पर्याय मी या ना त्या कारणानं करून बघितलेत, काही हौसेनं आणि एक-दोनदा दुसऱ्याच्या चुकीमुळं. माझं स्पष्ट मत असं आहे की तुमच्या लॅबला आज फॉर्मलिन बंद करता येणार नाही आणि करूही नका. तुम्हाला त्रास होतोय तो खोलीच्या हवेमुळं. तो बराच कमी करता येतो, त्याला परदेशी सोल्यूशन लागत नाही, सुतार आणि इलेक्ट्रिशियन लागतो. पण नुसतं असं सांगून तुमचं समाधान होणार नाही, म्हणून एकेक घेते.

फॉर्मलिन आपल्या गळ्यात पडलं कसं ते बघा. १८९३ साली फ्रँकफर्टचे फर्डिनांड ब्लुम जंतुनाशक म्हणून फॉर्मल्डिहाइड तपासत होते, तेव्हा त्यांच्याच बोटांची कातडी कडक झाली, आणि त्यांच्या लक्षात आलं की हे तर टिश्यू घट्ट करतंय. तिथनं आजपर्यंत सगळी पॅथॉलॉजी त्यावर चाललीय. ते प्रोटीनमध्ये आडवे पूल बांधतंय, त्यामुळं पेशी जिथल्या तिथं राहते, लाल पेशी फुटत नाहीत, आणि पाच दिवस जास्त राहिलं तरी रोजच्या एच अँड ई (गुलाबी-जांभळ्या रंगाच्या) स्लाइडचं फार बिघडत नाही. तोटे पण त्या पुलांचेच आहेत. अँटिजेन (अँटिबॉडी चिकटते त्या जागा) झाकले जातात, म्हणून आयएचसीच्या (अँटिबॉडीनं रंगवायच्या टेस्टच्या) आधी स्लाइड उकळून रिट्रीव्हल, म्हणजे त्या जागा परत उघड्या करणं, करावं लागतंय (ही उष्णतेची युक्ती १९९१ ची), आणि डीएनएचे तुकडे होतात, वर सायटोसीनचा थायमीन झाल्यासारखे खोटे बदल दिसतात, ते मॉलिक्युलर टेस्टवाल्यांना छळतात.

पण मुख्य गोष्ट ही की तुमचा डोळा, माझा डोळा, टेक्स्टबुकातले फोटो, अँटिबॉडीच्या किटमधला कागद, सगळं फॉर्मलिनच्या टिश्यूवर तयार झालंय. केंद्रक अमुक मोठा दिसला की संशय घ्यायचा, क्रोमॅटिन (केंद्रकातलं डीएनएचं द्रव्य) असं दिसलं की थायरॉइडचा पॅपिलरी कॅन्सर, ही जी आपली नजर बसलीय ती फॉर्मलिनमध्ये आकसलेल्या पेशीवर बसलीय. फिक्सेटिव्ह, म्हणजे टिश्यू टिकवायचं द्रावण, बदललं की नजर परत बसवावी लागते, आणि बसेपर्यंत रिपोर्ट कुणाच्या तरी पेशंटचेच जात असतात.

धोका खरा आहे, त्यात दुमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं, म्हणजे आयएआरसीनं, २००४ साली फॉर्मल्डिहाइड पहिल्या गटात टाकलं, माणसात कॅन्सर करणारं म्हणून, आधी नाकाच्या मागच्या भागाचा आणि नंतर ल्युकेमियाही जोडला. युरोपियन युनियननं पण त्याला कॅन्सरकारक म्हणून वरच्या वर्गात नेलं, तेव्हा तिकडं बराच गदारोळ झाला की आता हिस्टोपॅथॉलॉजी कशी चालायची, आणि एवढं होऊनही तिथल्या लॅब फॉर्मलिनवरच चालतात, फक्त हवेवर कडक नजर ठेवून. अमेरिकेत ओशाची (कामगारांच्या सुरक्षेच्या सरकारी संस्थेची) मर्यादा आठ तासांच्या सरासरीला ०.७५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एवढे भाग) आणि पंधरा मिनिटांच्या झटक्याला २ पीपीएम. आपलं नाक साधारण याच्या आसपासच वास पकडतं, आणि वाईट गोष्ट म्हणजे थोड्या वेळानं सवय होते. म्हणजे "आता वास येत नाही हो मॅडम" असं टेक्निशियन म्हणाली तर हवा स्वच्छ झाली असा अर्थ नाही, नाक थकलंय.

स्पिरिट. हे सगळ्यात आधी सुचतं, आणि कागदावर वाईटही नाही. ७० टक्के इथेनॉल प्रोटीन गोठवतं, पूल बांधत नाही, त्यामुळं डीएनए-आरएनए फॉर्मलिनपेक्षा चांगले राहतात आणि बऱ्याच अँटिबॉडी रिट्रीव्हल न करता लागतात. सायटॉलॉजीत तर आपण ९५ टक्के अल्कोहोलमध्येच पॅप स्मिअर बुडवतो, एंडोस्कोपीची दोन मिलीमीटरची चिमूट असेल तर त्यातही चालून जाईल. गडबड मोठ्या नमुन्यात होते.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात तालुक्याच्या एका हॉस्पिटलमधनं एक पिशवी आली, गर्भाशयाची, न कापता, अख्खी, फायब्रॉइडसकट, पाच लिटरच्या कॅनमध्ये. फॉर्मलिन संपलं होतं म्हणून तिथल्या वॉर्डबॉयनं सर्जिकल स्पिरिट ओतलं होतं आणि एसटीच्या पार्सलनं लावून दिलं होतं. आधी तर ती कॅनच्या तोंडातनं बाहेरच येईना, आत जाताना मऊ होती, आता कडक. कॅन कापला. मग सुरी लावली तर बाहेरचा अर्धा-पाऊण सेंटिमीटर पांढरट, करकरीत, सुपारीसारखा, आणि त्याच्या आत गेल्यावर एकदम गुलाबी, लिबलिबीत, आणि वास असा की मावशी खोलीतनं निघून गेली. एंडोमेट्रियमच्या, म्हणजे आतल्या अस्तराच्या जागी नुसता चिखल. बाई त्रेपन्न वर्षांची, पाळी बंद झाल्यावर परत रक्त जातंय म्हणून पिशवी काढलेली, म्हणजे बघायचं होतं ते नेमकं तेच अस्तर. मी रिपोर्टवर ऑटोलिसिस (टिश्यू आपोआप सडलंय) लिहिला आणि सर्जनला फोन केला, ऑपरेशनआधीच्या क्युरेटिंगचा (खरवडून काढलेल्या अस्तराचा) ब्लॉक दुसरीकडं सापडला म्हणून निभावलं.

झालं काय, तर अल्कोहोल बाहेरचा थर पटकन कडक करतं आणि आत जायला त्यालाच वाट राहत नाही, वर बाहेर ४३ डिग्री. खरं सांगायचं तर अख्खी न कापलेली पिशवी फॉर्मलिनमध्येही आतनं सडतेच. फॉर्मलिनचा ढोबळ हिशेब तासाला एक मिलीमीटर आणि आत जाईल तसा वेग मंदावतो, त्यामुळं तोंडाकडनं उभी उघडून पाठवा हे मी प्रत्येक गायनॅकला सांगून सांगून थकलेय. पण स्पिरिटमध्ये ते जास्त लवकर आणि जास्त वाईट होतं. शिवाय पेशी आकसतात, लाल पेशी फुटतात, इओसिनचा गुलाबी रंग भडक चढतो. आणि ते पेटतं. भर उन्हात एसटीच्या डिकीत पाच लिटर स्पिरिट, कल्पना करा.

परवान्याचंही आहे. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती, त्यांच्या डिस्टिलऱ्या किती, टँकरच्या टँकर इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळायला चाललंय, आणि लॅबला थोडं ॲब्सोल्यूट अल्कोहोल पाहिजे तर परवाना, रजिस्टर, हिशेब. म्हणून तर बऱ्याच लॅब प्रोसेसिंगला (मेणात बसवायच्या आधी टिश्यूतलं पाणी काढायला) आयसोप्रोपिल वापरतात. रोज लिटरनं नमुने बुडवायला इथेनॉल वापरायचं म्हणजे खर्चाचंही गणित बसत नाही.

अल्कोहोलचा एक उपयोग मात्र मी सोडत नाही. कोलनच्या कॅन्सरचा नमुना असला की किमान बारा लिम्फ नोड मिळायला पाहिजेत, आणि चरबीत बोटं फिरवून सातच सापडले की जीव वैतागतो. अशा वेळी फॉर्मलिनमध्ये फिक्स झालेली ती चरबी रात्रभर अल्कोहोलमध्ये नाहीतर कार्नॉयमध्ये ठेवायची. कार्नॉय म्हणजे इथेनॉल सहा भाग, क्लोरोफॉर्म तीन, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड एक. सकाळी चरबी पारदर्शक होते आणि नोड पांढरे दाणे होऊन वर दिसतात. क्लोरोफॉर्मची वाफ फॉर्मलिनपेक्षा काही सज्जन नाही, झाकण घट्ट ठेवा.

ग्लायॉक्झल. तुमच्याकडं आलेला माणूस खोटं बोलत नव्हता, त्यानं अर्धं सांगितलं. ग्लायॉक्झल पण आल्डिहाइडच, पण पाण्यात ते पाण्याला असं धरून बसतं की वाफ होऊन वर येत नाही, म्हणून वास नाही, डोळे झोंबत नाहीत. लहान बायोप्सी लवकर फिक्स होते, केंद्रक छान स्वच्छ दिसतात, मी एका कॉन्फरन्सहून सॅम्पल आणून गॅस्ट्रिक बायोप्सीवर बघितलं होतं, स्लाइड देखणी आली. मग अडचण कुठं? एक, ही रेडिमेड सोल्यूशनं आम्लधर्मी असतात, त्यात लाल पेशी फुटून नुसत्या सावल्या राहतात, आणि स्तनातले बारीक कॅल्शियमचे कण विरघळू शकतात. मॅमोग्राफीवर कॅल्सिफिकेशन दिसलं म्हणून बायोप्सी केली आणि आपण स्लाइडवर ते गायब करून ठेवलं तर रेडिऑलॉजिस्टला काय सांगणार? २०१७ मध्ये इटलीतल्या तोरिनोच्या लोकांनी आम्ल काढून टाकलेलं ग्लायॉक्झल पुढं आणलं, ती दिशा मला बरी वाटते, पण तुमच्याकडं ठेवून गेलेली बाटली कुठल्या जातीची आहे ते आधी लेबलवर पीएच बघून ठरवा. दोन, आयएचसीचं रिट्रीव्हल वेगळं लागतं, काही अँटिबॉडींना लागतच नाही आणि फॉर्मलिनची रेसिपी तशीच लावली तर निकाल बिघडतो. तीन, वास नाही म्हणजे निरुपद्रवी असं नाही, ग्लायॉक्झलची कातडीला ॲलर्जी होते आणि जनुकांना बाधक असल्याचा संशय त्याच्यावरही आहे. हातमोजे तिथंही लागणारच.

मध आणि गूळ. याच्यावर हसू नका, मी आधी हसले होते. आपल्या देशातल्या डेंटल कॉलेजांच्या ओरल पॅथॉलॉजीवाल्यांनी याच्यावर बरंच काम केलंय, साधारण २० टक्के मध किंवा ३० टक्के गुळाचं पाणी, आणि लहान तुकड्यांवर एच अँड ई फॉर्मलिनच्या जवळपास येतं असं त्यांना दिसलं. कारण असं मानतात की मध मुळातच आम्लधर्मी, पाणी ओढून घेणारा, आणि त्यातली फळसाखर फुटून आल्डिहाइडसारखी द्रव्यं बनतात. आता उसाच्या जिल्ह्यात राहून गुळाचा प्रयोग करायचा नाही म्हणजे काय? डिसेंबरात काढलेल्या टॉन्सिलचे उरलेले तुकडे घेतले, चार बरण्या: बफर्ड फॉर्मलिन, मधाचं पाणी, गुळाचं पाणी, आणि नुसतं सलाइन. चोवीस तासांनी स्लाइड केल्या, बाजूच्या डॉक्टरांना नंबर झाकून दिल्या. सलाइनची लगेच ओळखली. बाकी तिन्हींत त्यांनी दोनदा फॉर्मलिन समजून गूळ उचलला! मला फार आनंद झाला, दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटले.

मग तोच प्रयोग एप्रिलच्या शेवटी केला. तिसऱ्या दिवशी सकाळी लॅब उघडली तर टेबलापासून दारापर्यंत मुंग्यांची रांग, आणि गुळाच्या बरणीचं झाकण फुगून बाजूला पडलेलं, वर फेस. गुळाचं पाणी आपल्या उन्हाळ्यात तीन दिवस झाकून ठेवलं की काय होतं ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको, पोलीस त्यासाठीच तर धाडी घालतात. आमचा टेक्निशियन म्हणाला, मॅडम, नमुना काढून घ्या, बाकीचं वाया घालवू नका. मधात आंबलं नाही, पण पृष्ठभागावर बुरशीचे ठिपके होते, आणि बुरशी आधीपासनंची की नंतरची हे पेशंटच्या नमुन्यात कसं सांगणार? त्यात बाजारातला मध किती खरा, गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून त्यात हायड्रॉस किती मारलंय, प्रत्येक ढेपेला वेगळं. मोठ्या नमुन्यात आत किती शिरतं, ब्लॉक दहा वर्षांनी कसा असेल, हर-टू (स्तनाच्या कॅन्सरची आयएचसी टेस्ट) लागेल का, याची भरवशाची उत्तरं हातात नाहीत. कॉलेजात विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टला उत्तम, पेशंटच्या नमुन्याला नको.

बाकीच्यांचं भराभर. झिंकवालं फिक्सेटिव्ह आहे, ट्रिस बफरमध्ये झिंक ॲसिटेट, झिंक क्लोराइड आणि थोडं कॅल्शियम ॲसिटेट, फॉर्मलिन अजिबात नाही, लिम्फोसाइटच्या नाजूक अँटिजेनना फार छान. फक्त फॉस्फेट बफरशी गाठ पडली की साका बसतो, त्यामुळं प्रोसेसरच्या ज्या स्टेशनात बफर्ड फॉर्मलिन आहे तिथनं नेऊ नका. पॅक्सजीन टिश्यू म्हणून मेथॅनॉल आणि ॲसेटिक ॲसिडवालं दोन टप्प्यांचं किट मिळतं, संशोधनाला भारी, आपल्या दराच्या बायोप्सीला परवडणारं नाही. बुअँ फ्लुइड फॉर्मलिनला पर्याय म्हणून कुणी सुचवलं तर त्यात मुळातच फॉर्मलिन असतं, शिवाय पिक्रिक ॲसिड वाळलं की स्फोटक. झेंकर, बी-फाइव्ह यात पारा आहे, ते आता नकोच.

एक पर्याय मात्र मला खराच आवडलाय आणि त्याला फिक्सेटिव्ह लागतच नाही. तेही तोरिनोचंच: ऑपरेशन थिएटरमध्ये नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, हवा काढून सील करायचा, आणि ४ डिग्रीला ठेवून लॅबला पाठवायचा. थिएटरमध्ये फॉर्मलिनचा थेंब नाही, नर्सला वास नाही, जे काय फॉर्मलिन लागतंय ते फक्त लॅबमध्ये, बंदिस्त जागेत. महागडं मशीन मिळतं, पण आमच्या इमारतीतल्याच ओटीशी (ऑपरेशन थिएटरशी) आम्ही साधंच ठरवलंय: सलाइननं ओलसर गॉझ, जाड झिपची पिशवी, हवा दाबून काढलेली, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, आणि लगेच फोन. फ्रीझरमध्ये नाही, बर्फाला चिकटून नाही, नाहीतर पेशीत बर्फाचे खडे होऊन भोकं पडतात. स्तनाच्या नमुन्याला घड्याळ लावून ठेवा, कारण काढल्यापासून फॉर्मलिनमध्ये पडेपर्यंत एक तासाच्या आत आणि मग फॉर्मलिनमध्ये किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास, ही ईआर, पीआर, हर-टू या स्तनाच्या कॅन्सरच्या टेस्टसाठी अमेरिकेतल्या एस्को आणि कॅप या संस्थांची अट आहे. तुमच्यासारख्याला, ज्याच्याकडं सांगोला, मंगळवेढ्याहून नमुने मोटारसायकलवर येतात, हे सगळ्यांसाठी जमणार नाही. पण पंढरपुरातल्या चार ओटींशी जमेल, आणि तुमचं थिएटरमधलं फॉर्मलिन तेवढं कमी होईल.

हर-टूवरनं आठवलं. आपल्या भागातला पेशंट रिपोर्ट हातात आला की ब्लॉक घेऊन बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला नाहीतर मुंबईला टाटाला जातो. तो ब्लॉक कोणीतरी दुसरा परत कापणार, स्वतःच्या फॉर्मलिनच्या कंट्रोलशेजारी लावणार. तुम्ही आज मधात किंवा ग्लायॉक्झलमध्ये फिक्स केलेला ब्लॉक तिथं निगेटिव्ह आला तर तो खराच निगेटिव्ह की तुमच्या बाटलीचा प्रताप हे त्यांना कळायला मार्ग नाही, आणि त्यावर त्या बाईला ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध मिळणार की नाही ते ठरणार. मला पर्यायांविरुद्ध इतर कुठल्याही कारणापेक्षा हे कारण जास्त टोचतं.

आता उलटी बाजू, जी खरं तर तुमच्या भागात जास्त उपयोगाची. असे नमुने आहेत ज्यांना फॉर्मलिन लावलं की संपलं. मानेची गाठ टीबीच्या संशयानं काढली तर अर्धी फॉर्मलिनमध्ये आणि अर्धी नुसत्या सलाइनमध्ये पाहिजे. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतो, कल्चर येणार नाही, सीबीनॅटलाही (टीबीच्या जंतूचं डीएनए शोधायच्या टेस्टला) ताजा तुकडाच द्यायचा. दर महिन्याला एक तरी गाठ अख्खी फॉर्मलिनमध्ये बुडून येते आणि मग पेशंटला परत टोचावं लागतं. किडनीची आणि पेम्फिगसवाल्या (फोड येणाऱ्या आजाराच्या) कातडीची इम्युनोफ्लुरोसन्सची (चमकणाऱ्या अँटिबॉडीच्या टेस्टची) बायोप्सी मिशेल मीडियममध्ये. फ्रोझन सेक्शनला (गोठवून लगेच कापून बघायला) कोरडा ताजा, सलाइनमध्ये तरंगत नको. लिम्फोमाची फ्लो सायटोमेट्री (सुट्या पेशी मशीनमधनं तपासणं) असेल तर आरपीएमआय, म्हणजे पेशी जिवंत ठेवायचं द्रावण. गाउटचे खडे बघायचे असतील तर ॲब्सोल्यूट अल्कोहोल, पाण्यात ते विरघळून जातात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीला ग्लुटरल्डिहाइड. हा कागद छापून प्रत्येक ओटीच्या भिंतीवर लावा, मी लावलाय, दोन ठिकाणी त्यावर कॅलेंडर टांगलंय पण बाकी ठिकाणी वाचतात.

आता हवा. तुमच्या खोलीचा फोटो बघितला नाही तरी सांगते, एक्झॉस्ट फॅन छताजवळ असणार आणि समोर स्प्लिट एसी. बरोबर? वरचा फॅन काय करतो, डब्यातली वाफ तुमच्या नाकासमोरनं वर ओढतो. आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आणतच नाही, तीच हवा गार करून परत तोंडावर मारतो, खिडक्या बंद केल्या की वाफ साठत जाते. उन्हाळ्यात लोक एसी लावतात आणि म्हणतात आता डोळे जास्त का झोंबतात. आम्ही काय केलं: ग्रॉसिंगच्या टेबलाच्या मागच्या कडेला, टेबलाच्याच उंचीवर, प्लायचा पसरट खोका, समोरनं आडवी फट, आतनं सनमायका, मागं पाइप आणि पाइपच्या टोकाला बाहेरच्या भिंतीवर बारा इंची एक्झॉस्ट. वाफ डब्यातनं निघते ती सरळ मागं, नाकाकडं येतच नाही. पहिल्या दिवशी अगरबत्ती लावून धूर कुठं जातो ते बघितलं, फट जरा मोठी झाली होती, ती पट्टी मारून अरुंद केली. आणि हवा बाहेर जायची तर आत यायलाही पाहिजे, दाराखाली चार बोटं जागा सोडा. पाइपचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडं काढू नका, त्यावरनं आमची भांडणं झालीत.

मोठा नमुना कापायच्या आधी पाण्यात धुवा. पुस्तकात वाहतं पाणी लिहिलंय, सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही तिथं वाहतं कुठनं आणायचं? आम्ही दोन टब भरून ठेवतो, पहिल्यात अर्धा तास, दुसऱ्यात अर्धा तास, झाकण लावून. फिक्स झालेल्या नमुन्याला काही होत नाही, आणि कापताना वाफ खूपच कमी येते. त्या टबातलं पाणी आणि वापरलेलं फॉर्मलिन मोरीत ओतायचं नाही, २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमात टाकून दिलेलं फॉर्मलिन पिवळ्या वर्गातल्या रासायनिक द्रवात येतं, वेगळं गोळा करून प्रक्रियेला द्यायचं.

सर्जिकल मास्क आणि एन-९५ दोन्ही फॉर्मल्डिहाइडला अडवत नाहीत, ते कणांसाठी आहेत, हा वायू आहे. फॉर्मल्डिहाइडसाठीचं कार्ट्रिज असलेला अर्धा मास्क घ्या, एकदाच खर्च, कार्ट्रिज बदलत राहायचं. हातमोजे नायट्राइलचे, लेटेक्सचे नकोत.

आणि फॉर्मलिन स्वतः बनवताना जी वाफ बसते ती दिवसभराच्या कापाकापीपेक्षा जास्त असते. ४० टक्क्यांचा कॅन उघडून मगानं ओतायचा हा प्रकार बंद करा. शक्य असेल तर दहा टक्के बफर्ड तयार विकत घ्या, ओटींना छोट्या भरलेल्या बरण्याच द्या, रुंद तोंडाच्या, शेंगाचटणीच्या बरणीसारख्या, म्हणजे तिकडंही कुणी ओतत बसणार नाही. स्वतःच करायचं असेल तर त्या खोक्यासमोर, एका लिटरला शंभर मिली फॉर्मलिन, नऊशे डिस्टिल्ड वॉटर, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. बोअरच्या पाण्यात नुसतं एकास नऊ मिसळून चालवणाऱ्या लॅब मला माहिती आहेत. ते हळूहळू आम्लधर्मी होतं आणि रक्ताळ टिश्यूत तपकिरी काळे दाणे पडतात. एकदा प्लीहेत मी ते मलेरियाचं पिगमेंट समजून पाऊण तास घालवलाय. शंका आली की पिक्रिक ॲसिडच्या अल्कोहोलमधल्या संपृक्त द्रावणात स्लाइड बुडवा, दाणे लवकर गेले तर ते फॉर्मलिनचे, मलेरियाचं पिगमेंटही त्यात जातं पण त्याला बराच जास्त वेळ लागतो.

एवढं सगळं करूनही ग्लायॉक्झल वापरावंसं वाटलंच, तर सरसकट बदलू नका. ज्या मोठ्या नमुन्यात निदान आधीच ठरलंय आणि टिश्यू भरपूर उरतंय, त्यातले जोडीजोडीनं तुकडे घ्या, एक फॉर्मलिनमध्ये, एक त्यात. पिशवी, पित्ताशय, अपेंडिक्स, थायरॉइड, स्तन, प्रत्येकाचे वीस-वीस तरी. एकाच प्रोसेसरमधनं काढा, नंबर झाकून दुसऱ्याला वाचायला द्या. तुमच्या लॅबमध्ये आयएचसी होत असेल तर प्रत्येक अँटिबॉडीचं वेगळं व्हॅलिडेशन, आणि तोपर्यंत स्तनाचा एकही खरा नमुना त्यात नाही. रिपोर्टवर फिक्सेटिव्हचं नाव छापा. सहा महिने जातील. माझे गेले होते, आणि शेवटी मी फक्त लहान एंडोस्कोपी बायोप्सीपुरतं ते ठेवलं, तेही पुढं पुरवठा नीट होईना म्हणून सुटलं.

आमच्या खोक्याचं काम ज्या सुतारानं केलं तो आता पंढरपूरकडंही येतो. माप घेऊन ठेवा, टेबलाची उंची, मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर, आणि बाहेर काय आहे ते. आषाढी झाल्यावर कधी सोलापूरला आलात तर आमचा खोका बघून जा, अगरबत्ती मी लावून दाखवते.